२०५० मध्ये किती कार्बन जमिनीत गाडणार? आकडे एवढे वेगवेगळे का येतात

२०२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये कार्बन कॅप्चरसाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपये जाहीर झाले आणि त्याच रात्री माझ्या मावसभावाचा मेसेज आला. तो चंद्रपूर जिल्ह्यात एका सिमेंट कारखान्यात किल्नवर, म्हणजे भट्टीवर आहे. "ताई, इथे सगळे म्हणतायत की आता चिमणीचा धूर पकडून जमिनीत सोडणार, २०५० पर्यंत देशात वर्षाला ७५ कोटी टन. हे खरंच होणारे की नुसतं कागदावर?"

७५ कोटी टनांचा आकडा हवेतला नाहीये, नीती आयोगाच्या २०२२ च्या रिपोर्टमध्ये तो आहे. पण आज अख्ख्या जगात मिळून जे प्लांट चालू आहेत त्यांची क्षमता वर्षाला साधारण ५ कोटी टन आहे. म्हणजे सगळं जग मिळून आज जेवढं करतं त्याच्या पंधरापट एकट्या भारताने करायचं. भावाला दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि देता येईना, म्हणून हा लेख.

आधी सीसीएस म्हणजे काय ते बघू

कार्बन कॅप्चर अँड स्टोरेज, म्हणजे सीसीएस. चिमणीतून जो वायू जातो त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून पाण्यासारखा घट्ट करायचा, पाइपने किंवा जहाजाने न्यायचा आणि जमिनीखाली किलोमीटरभर किंवा त्याहून खोल अशा सच्छिद्र खडकात सोडायचा, ज्याच्या वर दुसरा न झिरपणारा खडक झाकणासारखा बसलाय. पकडलेल्या वायूतून मिथेनॉल वगैरे काही बनवलं तर मध्ये एक यू येतो आणि ते सीसीयूएस होतं.

वेगळा काढणं हेच महागाचं काम. तांदूळ निवडताना शंभर दाण्यांत पंधरा खडे असतील तर पटापट सापडतात, दहा हजारांत चार असतील तर डोळे फुटतात. कोळशाच्या चिमणीत शंभरात बारा-पंधरा भाग कार्बन डायऑक्साइड असतो, साध्या हवेत दहा हजारांत जेमतेम चार. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबताना जो वायू निघतो तो मात्र जवळजवळ शुद्धच असतो, तिथे निवडायचं कामच उरत नाही. चिमणीच्या वायूसाठी अमाइन नावाच्या रसायनाचा फवारा मारतात, ते कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं, मग ते तापवलं की सोडून देतं. हे तापवायला वाफ लागते, दाबायला वीज लागते. कोळशाच्या वीज केंद्रात हे बसवलं की तयार होणाऱ्या विजेचा साधारण पाचवा हिस्सा यातच जातो.

२०५० चा आकडा हा अंदाज नसतोच मुळी

सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. आपण वाचतो "२०५० पर्यंत अमुक अब्ज टन" आणि वाटतं की कुणीतरी हवामान खात्यासारखा अंदाज दिलाय. तसं नसतं. हे आकडे येतात मॉडेलमधून, म्हणजे कंप्युटरवर मांडलेल्या एका मोठ्या हिशोबातून. त्याला सांगायचं की तापमानवाढ दीड अंशावर थांबवायचीय, सोलर एवढ्याला पडतं, सीसीएस एवढ्याला, लोकांची विजेची गरज एवढी वाढेल, आता सगळ्यात स्वस्त रस्ता काढ. मॉडेल रस्ता काढतं. म्हणजे ते सांगतं की हे गृहीत धरलं तर एवढं लागेल. एवढं होईल असं ते कधीच म्हणत नाही.

घरखर्चाचं बघा. तीन घरांनी ठरवलं की यंदा लाखभर शिल्लक टाकायची. एकाने गाडी कमी केली, बाहेरचं खाणं बंद केलं. दुसऱ्याने थोडं कमी केलं, थोडं ओव्हरटाइमवर टाकलं. तिसरा म्हणाला, खर्च चालू दे, दिवाळीला मोठा बोनस येईल त्यातून भरून काढू. कागदावर तिघांचीही लाखभर शिल्लक दिसते.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१८ च्या रिपोर्टमध्ये नमुन्यादाखल असेच चार रस्ते दाखवले होते. चौघांचं ध्येय एकच, दीड अंश. पण या शतकात जमिनीत गाडायचा कार्बन पहिल्या रस्त्यात शून्य, दुसऱ्यात ३४८ अब्ज टन, तिसऱ्यात ६८७ आणि चौथ्यात १,२१८ अब्ज टन! पहिल्यात लोक कमी ऊर्जा वापरतात, चौथ्यात सगळं आत्तासारखं चालू राहतं आणि शतकाच्या उत्तरार्धात सीसीएसचा मोठा बोनस येतो. जग दरवर्षी ऊर्जेपायी साधारण ३७-३८ अब्ज टन सोडतं, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या रस्त्यातला फरक आजच्या तीस वर्षांच्या धुराएवढा आहे. त्यामुळे कुणी म्हणालं की "शास्त्रज्ञ सांगतात एवढं सीसीएस लागणारच" तर पहिला प्रश्न हा की बाबा, कुठल्या रस्त्यावरचं?

व्याजाचं गणित

दुसरं कारण गणिताचं आहे आणि ते एफडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला कळेल. आज ५ कोटी टन आहे असं धरा आणि २५ वर्षं वाढवत न्या. वर्षाला दहा टक्क्यांनी वाढलं तर २०५० ला साधारण ५४ कोटी टन. पंधरा टक्क्यांनी वाढलं तर १६५ कोटी. एकवीस टक्क्यांनी वाढलं तर ५८५ कोटींच्या पुढे, म्हणजे जवळजवळ ६ अब्ज टन. वाढीचा दर दहाचा एकवीस झाला की शेवटचा आकडा दहापटीने बदलतो. आणि आज आपल्याला तो दर दहा धरायचा की एकवीस हे ठरवायला हातात आहेत जगभरातले काही डझन प्लांट, प्रत्येक वेगळ्या धाटणीचा.

हा ६ अब्जाचा आकडा मी मुद्दाम घेतला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, म्हणजे आयईए, तिच्या नेट झिरोच्या, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढाच परत काढायच्या हिशोबात २०५० साठी २०२१ मध्ये ७.६ अब्ज टन होते, २०२३ मध्ये साधारण ६ अब्ज झाले. दोन वर्षांत दीड अब्ज टन उडाले, कारण मधल्या काळात सोलर आणि बॅटरी स्वस्त झाल्या आणि सीसीएसचे प्लांट काही वेगाने उभे राहिले नाहीत. हे मी संस्थेच्या चुका काढायला सांगत नाहीये, हिशोब सुधारणं हे त्यांचं कामच आहे, पण जो आकडा दोन वर्षांत एवढा हलतो तो कुणी दगडावरची रेघ म्हणून सांगू नये एवढंच म्हणणं आहे.

मागच्या अंदाजांचं काय झालं

२००८ मध्ये जी-८ देशांनी जपानमध्ये ठरवलं की २०१० पर्यंत मोठे २० सीसीएस प्रकल्प सुरू करायचं नक्की करू. युरोपने ठरवलं होतं २०१५ पर्यंत बारापर्यंत प्रकल्प उभे करायचे. त्या कार्यक्रमातून एकही उभा राहिला नाही. २००९ च्या आयईएच्या आराखड्यात २०२० पर्यंत १०० प्रकल्प आणि २०५० पर्यंत ३,००० च्या वर असं होतं. २०२० उजाडलं तेव्हा जगात पंचवीस-सव्वीस चालू होते.

अमेरिकेत मिसिसिपीतला केम्पर प्रकल्प कोळशाचा वायू करून कार्बन पकडणार होता, खर्च साडेसात अब्ज डॉलरवर गेला आणि २०१७ मध्ये ते सगळं सोडून देऊन साध्या नैसर्गिक वायूवर केंद्र चालवायचं ठरलं. टेक्सासमध्ये कोळशाच्या वीज केंद्राला जोडलेला पेट्रा नोव्हा प्रकल्प वेगळ्या कारणाने अडला. तंत्र बऱ्यापैकी चाललं होतं, पण पकडलेला वायू जुन्या तेलविहिरीत सोडून जास्तीचं तेल काढायचं आणि त्यातून खर्च भागवायचा असं गणित होतं. २०२० मध्ये कोविडमुळे तेल कोसळलं, प्लांट बंद. २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. आता २०१० साली बसून कुठलं मॉडेल हे सांगणार होतं?

नॉर्वेचे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी २००७ च्या नववर्षाच्या भाषणात मोंगस्टाडच्या कार्बन कॅप्चरला देशाची चांद्रमोहीम म्हटलं होतं. २०१३ मध्ये तो पूर्ण आकाराचा प्रकल्प रद्द झाला.

संशोधकांनी १९९५ ते २०१८ मधले २६३ प्रकल्प तपासले तेव्हा त्यातले ४३ टक्के रद्द झालेले किंवा लटकलेले निघाले. आणि त्यातले जे मोठे होते त्यांचा हिशोब वेगळा केला तर ७८ टक्के! प्रकल्प जितका मोठा तितका गळायचा धोका जास्त, आणि २०५० च्या आकड्यांना हवेत तर मोठेच.

आजचंही बघा. जगभरात जाहीर झालेले सगळे प्रकल्प खरंच उभे राहिले तर २०३० मध्ये वर्षाला ४० कोटी टनांच्या वर क्षमता होईल. पण त्यातल्या बहुतेकांचा शेवटचा पैशाचा निर्णयच झालेला नाहीये. दहातले नऊ गळाले तर वाढ होईल चारेक कोटींची, निम्मेच गळाले तर वीसेक कोटींची. चार वर्षांवरच्या वाढीचा आकडा पाचपट इकडेतिकडे होतो, मग पंचवीस वर्षांवरच्याचं काय बोलायचं.

गोसीखुर्द आठवतं का

भावाला हे समजावताना मला विदर्भातलंच उदाहरण सापडलं. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची, तेव्हाचा खर्च ३७२ कोटी. धरण झालं, पाणी अडलं, पण कालवे, वितरिका, पुनर्वसन यात वर्षानुवर्षं गेली आणि खर्च हजारो कोटींवर पोचला. शेतात पाणी येण्यासाठी धरण, कालवा, चारी तिन्ही एका वेळी तयार लागतात, त्यातलं एक जरी अडलं तरी शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सीसीएसचं डिट्टो तसंच. कारखान्याने पकडायचा प्लांट बसवला पण पाइपलाइन नाही, तर वायू पुन्हा हवेत. पाइपलाइन झाली पण जमिनीखालची जागा तपासून परवानगी नाही, तरीही तेच. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसतो. नेदरलँड्समधल्या बारेंद्रेख्त गावात खालचा रिकामा गॅससाठा तयार होता, कंपनी तयार होती, गावकऱ्यांनी आमच्या घरांखाली नको म्हटलं आणि २०१० मध्ये सरकारने प्रकल्प रद्द केला. अमेरिकेत मका पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी पाइपलाइनला जमीन द्यायला नकार दिलाय, एक मोठी लाइन २०२३ मध्ये रद्दच झाली. शेतकऱ्याचं हो किंवा नाही कुठल्या मॉडेलमध्ये बसवायचं?

पण सोलरच्या बाबतीतही असंच म्हणायचे ना?

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं नीट उत्तर दिलं पाहिजे. सोलरचे अंदाज वर्षानुवर्षं कमी निघाले, दरवेळी प्रत्यक्षात जास्त लागलं. मग सीसीएसही एक दिवस असंच उसळी मारेल की!

मारू शकेल, अशक्य नाही. पण फरक बघा. सोलर पॅनल फॅक्टरीत कोट्यवधींच्या संख्येने एकसारखं बनतं, प्रत्येक लॉटला माणसं शिकतात, किंमत पडते, आणि मुख्य म्हणजे छतावर लावलं की वीजबिल कमी होतं, म्हणून शेजारीही लावतो. सीसीएसचा प्रत्येक प्लांट त्या त्या चिमणीच्या मापाने शिवावा लागतो, खालचा खडक प्रत्येक ठिकाणी वेगळा. आणि वायू नुसता गाडायचा तर त्यातून विकायला काही येत नाही, नुसता खर्च.

खर्च होतो पण विकायला काही मिळत नाही अशा यंत्राचं आपल्याकडे काय होतं हे पाहायला लांब जायला नको. कोळशाच्या वीज केंद्रांनी गंधक काढायची यंत्रं, एफजीडी, बसवावीत हा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला, मुदत दोन वर्षांची. ती मुदत पुढे गेली, परत गेली, परत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. एफजीडी हे जुनं, जगभर वापरलेलं, सीसीएसपेक्षा कितीतरी स्वस्त तंत्र आहे, तरी ही गत. ७५ कोटी टनांचा आकडा वाचताना मला ही तारखांची माळ आठवते आणि खरं सांगायचं तर पोटात गोळा येतो.

पैसे कोण देणार, त्यावर सगळं आहे

नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू कंपन्यांवर कार्बन टॅक्स लावला. १९९६ पासून स्लायप्नर या समुद्रातल्या वायूक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली जातोय, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास, कारण हवेत सोडणं महाग आणि खाली सोडणं स्वस्त झालं. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात एका टनाला ८५ डॉलरपर्यंत करसवलत दिली, लगेच जाहीर प्रकल्पांची रांग लागली. म्हणजे २०५० चा आकडा सांगायचा तर पुढच्या पंचवीस वर्षांत सरकारं किती बदलतील, कुठला टॅक्स राहील, कुठला जाईल हे सांगावं लागेल. आपले २०,००० कोटी चांगली सुरुवात आहे असं मला मनापासून वाटतं, वीज, पोलाद, सिमेंट, रिफायनरी, रसायनं या पाचांमध्ये तंत्र पुढे न्यायला ते आहेत. पण प्लांट उभा झाल्यावर पुढची वीस वर्षं दर टनाला कोण पैसे देणार याचं उत्तर त्या रकमेत नाही.

आणि जमिनीखाली जागा किती?

इथे आपल्या दख्खनचा थेट संबंध येतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजात भारतात सगळी मिळून ३९५ ते ६१४ अब्ज टनांची जागा आहे, आणि त्यातली बसाल्टमधली, म्हणजे मुख्यतः आपल्या काळ्या पाषाणातली, ९७ ते ३१६ अब्ज टन. तिपटीहून जास्त फरक! एवढा, कारण काळ्या पाषाणात किती पोकळ्या आहेत, त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, हे खोल बोअर घेऊन तपासल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मामांची सिन्नरजवळ विहीर खोदली तेव्हा निघालेला एक दगड अजून माझ्या खिडकीत आहे. बाहेरून काळाकुट्ट, एका बाजूला फुटलेला, आत लिंबाएवढी पोकळी आणि पोकळीभर पांढरे चकचकीत खडे, काही सुईसारखे, काही चौकोनी. त्या चौकोनी खड्यांवर मी लिंबू पिळून पाहिलं, बारीक बुडबुडे आले, म्हणजे कॅल्साइट. लाव्हा थंड झाल्यावर पोकळीत पाणी झिरपलं, पाण्यात विरघळलेला कार्बन खडकातल्या कॅल्शियमला भेटला आणि दगड झाला. आइसलँडमध्ये हेच मुद्दाम करतात. हेल्लिशेइडी इथे २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त दगड झाला. फार सुंदर गोष्ट आहे ही, वाचली तेव्हा मी तो दगड परत हातात घेऊन बसले होते. पण त्या पद्धतीत एका टनाला साधारण २५ टन पाणी लागतं. मराठवाड्यात, सोलापुरात, नगरला कोण देणार एवढं पाणी?

जागतिक आकड्याचंही तसंच. तांत्रिकदृष्ट्या जगात ११,८०० अब्ज टनांच्या आसपास जागा आहे असं धरायचे. २०२५ मध्ये नेचर मासिकात आलेल्या अभ्यासाने भूकंपाचे भाग, वस्त्यांजवळचे भाग, संरक्षित जागा, फार खोल समुद्र वगळले आणि आकडा आला १,४६० अब्ज टनांवर.

कागदावर चांगली वाटलेली जागाही दगा देते. स्लायप्नर चालवणाऱ्याच कंपनीने २००८ मध्ये उत्तरेला स्नोविट इथे वायू सोडायला सुरुवात केली, तीनेक वर्षांत खडकातला दाब इतका चढला की दुसरा थर शोधावा लागला. ऑस्ट्रेलियातला गॉर्गन हा नैसर्गिक वायू प्रकल्पातला सीसीएस प्लांट वर्षाला ४० लाख टनांसाठी बांधलाय. दाब कमी करायला खालचं पाणी उपसावं लागतं, त्या विहिरींत वाळू अडकली, आणि अलीकडे तो त्याच्या निम्म्याहून कमी वायू खाली सोडतोय.

गळती झाली तर?

नीट निवडलेल्या खोल खडकातून अचानक सगळं वर येण्याची भीती फारशी नाही. पाइपलाइनची काळजी मात्र रास्त आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ अशी लाइन फुटली, ४५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, गाड्यांची इंजिनं बंद पडली. हा वायू हवेपेक्षा जड, सखल भागात साचून राहतो. अशी एक घटना झाली की पुढच्या दहा गावांत परवानगी लांबते, आणि लांबलेल्या परवानग्या शेवटी २०५० च्या आकड्यातच उतरतात.

मग हे सोडूनच द्यायचं का?

नाही. आणि हे मी भावाच्या नोकरीकडे बघून म्हणत नाहीये. सिमेंटच्या धुरातला साधारण ६० टक्के कार्बन डायऑक्साइड कोळशातून येतच नाही, चुनखडी तापवली की दगडातूनच सुटतो. किल्न उद्या पूर्ण सोलरवर चालवली तरी तो सुटणारच. कमी क्लिंकरचं, म्हणजे भट्टीत भाजलेला माल कमी घातलेलं सिमेंट, जपून बांधकाम, यातून बरंच कमी होईल, पण उरेल त्याला पकडण्याशिवाय फारसा पर्याय नाही.

आणि हे होऊ शकतं हे दिसलंय. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन पकडणारा प्लांट सुरू झाला, तिथून जहाजाने वायू पश्चिम किनाऱ्यावर जातो आणि पाइपने समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर. या सगळ्या साखळीचा साधारण दोन-तृतीयांश खर्च सरकारने उचलला. आणि एवढं करून त्या एका कारखान्याचा निम्मा कार्बन पकडला जातो.

म्हणून माझं मत असं की सीसीएस सिमेंटसारख्या ठिकाणी राखून ठेवावं. कोळशाची नवी केंद्रं "पुढे सीसीएस बसवू" म्हणून मंजूर करणं म्हणजे न आलेल्या बोनसवर कर्ज काढणं आहे. २०२४ मध्ये नेचर क्लायमेट चेंजमध्ये आलेल्या एका अभ्यासाने जुन्या अपयशाचा दर आणि इतर तंत्रं किती वेगाने पसरली हे धरून सांगितलं की या शतकात जास्तीत जास्त ६०० अब्ज टन गाडले जाऊ शकतील. आयपीसीसीच्या चार रस्त्यांपैकी तिसरा आणि चौथा त्यातच बाद होतात.

भावाला मी शेवटी आकडा दिलाच नाही. विचारलं की तुमच्या प्लांटचा वायू पकडला तर तो नेणार कुठे, तुमच्यापासून समुद्र किती लांब आहे बघ. तो म्हणाला, इथेच खाली सोडतील ना. म्हटलं, खाली काय आहे ते आधी भोक पाडून बघावं लागतं. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने २०२५ मध्ये झारखंडमध्ये पकरी बरवाडीहच्या खाणीत कार्बन साठवण तपासायला देशातली पहिली अशी विहीर खोदायला घेतली आहे. त्याने विचारलं, अख्ख्या देशात पहिली? म्हटलं हो, पहिली.